परकायाप्रवेशाची प्रेमकथा : 'द होस्ट' या कादंबरीविषयीची वाचकमते आणि मराठी वाचकाची पूर्वपीठिका

१

स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची 'द होस्ट' ही कादंबरी मे २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. 'ट्वायलाइट' (२००५) या किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबरीमुळे लेखिकेचे नाव तोवर सर्वतोमुखी झाले होते. प्रौढ वाचकांसाठी तिने लिहिलेली ही पहिली कादंबरी होय. २०१३ मध्ये अँड्र्यू निकोल यांनी तिच्यावर चित्रपटही काढला. विज्ञानकथा आणि प्रेमकथा या दोन लोकप्रिय रूपबंधांचा संकर तिच्यात असल्यामुळे तिचा वाचकवर्ग प्रारंभापासूनच दुभंगलेला राहिला. एकाच संहितेविषयी इतकी परस्परविरोधी मते का व्यक्त झाली, या मतभेदाच्या मुळाशी कोणता प्रश्न आहे आणि मराठी वाचक त्या प्रश्नाकडे कोणत्या पूर्वसंस्कारांसह येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. वाचक हा अमूर्त नसतो, तो कोठेतरी राहत असतो. म्हणून पालघर आणि बोईसर-तारापूर या परिसराचा संदर्भ येथे मुद्दाम घेतला आहे.

कादंबरीचे कथानक थोडक्यात असे : परग्रहावरून आलेल्या 'आत्मा' नामक जीवांनी पृथ्वी जवळजवळ पूर्णपणे व्यापली आहे. हे जीव लहान, रुपेरी आणि तंतुमय असून मानेच्या मागे छेद घेऊन ते मानवी शरीरात बसविले जातात. मेंदूशी त्यांची जुळणी झाली की मूळ माणसाची जाणीव बहुधा लोपते. आक्रमक स्वभावाने क्रूर मात्र नाहीत. त्यांच्या राज्यात चोरी, हिंसा, फसवणूक नाहीशी झाली आहे. अनेक ग्रहांवर वास्तव्य केलेली वांडरर ही 'आत्मा' मेलनी स्ट्रायडर या तरुणीच्या देहात घातली जाते, परंतु मेलनी लोपत नाही. एका देहात दोन जाणिवा नांदू लागतात. मेलनीच्या आठवणींमुळे तिचा प्रियकर जॅरेड आणि धाकटा भाऊ जेमी यांची ओढ वांडररला लागते व ती वाळवंटातील गुहेत दडलेल्या माणसांपर्यंत पोहोचते. तेथे तिला 'वांडा' हे नाव मिळते. जॅरेडचे प्रेम मेलनीवर, त्या देहातून जॅरेडकडे ओढली जाणारी वांडा आणि वांडावर प्रेम करणारा इअन असा पेच उभा राहतो. शेवटी मेलनीचा देह मेलनीला परत देऊन मरण पत्करण्याचे वांडा ठरविते. तिची माणसे मात्र तिला मरू न देता दुसऱ्या एका देहात बसवितात.

२

या कादंबरीविषयी व्यक्त झालेल्या वाचकमतांचे स्थूलमानाने चार गट करता येतात.

पहिला गट विज्ञानकथेच्या वाचकांचा. त्यांच्या मते कादंबरीतील विज्ञान पातळ आहे. परग्रहवासीयांची विचार करण्याची रीत फारच मानवी आहे आणि त्यांचे ग्रह, त्यांचे तंत्रज्ञान यांचा केवळ पार्श्वभूमीसारखा उपयोग केला आहे. डार्को सुविन यांनी १९७९ मधील आपल्या ग्रंथात विज्ञानकथेचे लक्षण सांगताना बोधात्मक परात्मतेचा निकष मांडला. परिचित वास्तव अपरिचित करून दाखवावे, पण ते तर्काच्या आधारे, असा त्याचा आशय. हा निकष लावणाऱ्या वाचकाला ही कादंबरी अपुरी वाटणे स्वाभाविक आहे. रॉबर्ट हाइनलाइन यांची 'द पपेट मास्टर्स' (१९५१) किंवा जॅक फिनी यांची 'द बॉडी स्नॅचर्स' (१९५५) यांसारख्या पूर्वसूरींशी तुलना करून हा वाचक निर्णय देतो.

दुसरा गट प्रेमकथेच्या वाचकांचा. संथ प्रारंभ आणि गुहेतील लांबलेले दिनक्रम यांविषयी यांचीही तक्रार आहे. परंतु एका देहातील दोन आवाज, त्यांचे आरंभीचे वैर आणि त्यातून वाढत गेलेले भगिनीभावाचे नाते यांनी त्यांना बांधून ठेवले आहे. या गटातही जॅरेडचे पक्षपाती आणि इअनचे पक्षपाती असे दोन तट आढळतात.

तिसरा गट स्त्रीवादी भूमिकेतून वाचणाऱ्यांचा. जॅरेड वांडावर हात उगारतो, इतर पुरुष तिच्या जिवावर उठतात आणि तरीही ती सर्वांना क्षमा करीत अधिकाधिक स्वार्थत्याग करते. स्त्रीच्या सोशिकपणाचा हा गौरव त्यांना आक्षेपार्ह वाटतो. अखेरीस वांडाला मिळणारा देह अगदी अल्पवयीन मुलीचा आहे, हाही त्यांचा आक्षेप आहे.

चौथा गट संख्येने लहान असला तरी त्याचा आक्षेप मूलगामी आहे. मानवजातीचा देह बळकावणाऱ्या सत्तेची प्रतिनिधी कादंबरीची नायिका कशी होऊ शकते, असा त्यांचा प्रश्न. आक्रमक सौम्य आहे एवढ्याने आक्रमण क्षम्य ठरते काय?

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कोन्स्टान्झ येथील व्याख्यानात 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना मांडली. प्रत्येक वाचक पूर्वी वाचलेल्या कृतींनी घडविलेल्या अपेक्षांसह नव्या कृतीला सामोरा जातो, हे तिचे सार. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मधील आपल्या अभ्यासात प्रेमकथा वाचणाऱ्या अमेरिकन स्त्रियांची मते प्रत्यक्ष जाणून घेऊन, या स्त्रिया कथेतून काय मागतात हे त्यांच्याच दृष्टीने समजून घेतले पाहिजे, असे दाखवून दिले. वरील चार गटांतील पहिले तीन याउस आणि रॅडवे यांच्या साहाय्याने उलगडतात. विज्ञानकथेची अपेक्षा, प्रेमकथेची अपेक्षा आणि स्त्रीप्रतिमेची अपेक्षा यांतील अंतर तेथे कारणीभूत आहे. चौथ्या गटाचा प्रश्न मात्र रूपबंधाच्या अपेक्षेपुरता मर्यादित नाही. देह कोणाचा, हा तो प्रश्न आहे. बारकाईने पाहिल्यास पहिल्या तिन्ही गटांच्या मतांमागेही हाच प्रश्न उभा असलेला दिसतो. जॅरेडने कोणावर प्रेम करावे या वादाचा निर्णय देह कोणाचा हे ठरविल्याशिवाय लागत नाही.

३

आधुनिक मराठी विज्ञानकथेने हा प्रश्न फारसा हाती घेतला नाही. त्याची कारणे तिच्या जडणघडणीत आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथास्पर्धा घेतल्या. १९७४ च्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने आलेली 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली आणि ती डॉ. जयंत नारळीकर यांची असल्याचे नंतर उघड झाले. १९७५ च्या कराड येथील साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या कथेची दखल घेतली. नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' (१९७९) हा संग्रह आणि 'प्रेषित', 'वामन परत न आला' या कादंबऱ्या यांनी या प्रवाहाला प्रतिष्ठा मिळवून दिली. २०२१ मध्ये नाशिक येथील ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

या प्रवाहाचे घोषित प्रयोजन वैज्ञानिक दृष्टीचा प्रसार हे होते. त्यामुळे जे चमत्कारासारखे भासते त्याची वैज्ञानिक उपपत्ती देणे, ही त्याची प्रमुख रीत ठरली. 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत देहाची डावी-उजवी बाजू उलट होण्याचे आश्चर्य भूमितीच्या आधारे उलगडते. देह बदलला तरी त्यात 'दुसरा कोणी' आलेला नसतो. अंगात येणे, झपाटणे, बाधा होणे हे विषय अंधश्रद्धेच्या खात्यात जमा असल्यामुळे विज्ञानकथेने ते टाळले. ते गेले भयकथेकडे आणि गूढकथेकडे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांतून मराठी वाचकाने झपाटलेला देह वाचला. परिणामी मराठी वाचकाच्या मनात दोन कप्पे तयार झाले : परग्रहवासी विज्ञानकथेत, झपाटणारी शक्ती भयकथेत. 'द होस्ट' मध्ये परग्रहवासीच झपाटतो आणि तोच प्रेमही करतो. ही कादंबरी मराठी वाचकाला चमत्कारिक वाटण्याचे पहिले कारण या कप्प्यांच्या मोडतोडीत आहे.

४

तथापि आधुनिक रूपबंधांच्या मागे गेल्यास मराठी वाचकाची तयारी या विषयात इंग्रजी वाचकापेक्षा अधिक असल्याचे लक्षात येते. इंग्रजीत एकाच शब्दाने सांगितल्या जाणाऱ्या अनुभवाला मराठीत निदान तीन स्वतंत्र नावे आहेत.

'अंगात येणे' किंवा 'वारे येणे' हा पहिला प्रकार. येणारा देव वा देवी असते. येणे बहुधा आवाहनाने, ठरलेल्या प्रसंगी आणि लोकांसमक्ष घडते. आलेली शक्ती बोलते, प्रश्नांना उत्तरे देते आणि निघून जाते. पालघर परिसरातील वारली समाजात भगताच्या अंगात देव येतो तो याच रीतीने. देव गेल्यावर भगत पुन्हा आपल्या संसारात आणि आपल्या नावाने वावरतो. 'झपाटणे' किंवा 'बाधा' हा दुसरा प्रकार. येथे येणारा आगंतुक असतो, तो फसवून वा संधी साधून शिरतो आणि त्याला उतरवावे लागते. महाभारतातील नलोपाख्यानात कली नळाच्या देहात शिरतो तो नळाच्या शुचितेत राहिलेली उणीव हेरून. 'परकायाप्रवेश' हा तिसरा प्रकार. येथे योगी आपला देह बाजूला ठेवून मृताच्या देहात जातो. आद्य शंकराचार्यांनी राजा अमरूच्या देहात प्रवेश केल्याची आख्यायिका याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

या तिन्ही प्रकारांत भेद करणारे निकषही परंपरेनेच दिलेले आहेत : आगमन कसे झाले, देहातून आवाज कोणाचा उमटतो आणि निर्गमन होते की नाही. हे निकष लावल्यास 'द होस्ट' मधील घटना कोणत्याच प्रकारात पूर्णपणे बसत नाही. आगमन बाधेसारखे अनाहूत आहे. वास्तव्य परकायाप्रवेशासारखे दीर्घ आणि संसारी आहे, पण देह मृताचा नाही, त्याचा धनी आत जागा आहे. निर्गमन अंगात आलेल्या देवासारखे स्वेच्छेने घडते. कादंबरीचा खरा नवेपणा या मिश्रणात आहे. परग्रह आणि रुपेरी जीव यांकडेच पाहणाऱ्या विज्ञानकथेच्या वाचकाकडून तो निसटतो.

या शब्दांची चर्चा करताना त्यांची सामाजिक बाजू दृष्टिआड करून चालणार नाही. अंगात येण्याच्या नावाखाली भीती घालणे, औषधोपचारापासून रोखणे, भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. जिच्या 'अंगात आहे' असे ठरविले गेले त्या स्त्रीचे पुढे काय होते, हे येथील वाचक जाणतो. वांडाला गुहेत झालेली मारहाण त्याला केवळ कथानकातील घटना वाटणार नाही. स्त्रीवादी वाचकांचा आक्षेप या भूमीवर अधिक धारदार होतो.

५

प्रेमकथेच्या दृष्टीने मराठी परंपरेतील सर्वांत जवळचे उदाहरण धुंडिसुत मालू यांच्या 'नवनाथ भक्तिसार' (शके १७४१, इ. स. १८१९) या पोथीत आढळते. महाराष्ट्रात घरोघरी या पोथीची पारायणे होत आली आहेत. प्रयागचा राजा त्रिविक्रम मृत्यू पावतो. गोरक्षनाथाच्या आग्रहावरून मच्छिंद्रनाथ त्याच्या देहात प्रवेश करतात आणि राणी रेवतीबरोबर संसार करतात. त्यांना धर्मनाथ हा पुत्र होतो. मच्छिंद्रांचा मूळ देह शिवालयात लपवून ठेवलेला असतो. हे रहस्य कळताच राणी तो देह नष्ट करण्याची व्यवस्था करते, जेणेकरून आपल्या पतीच्या देहातील योगी परत जाऊ नये.

रेवतीच्या या कृतीकडे पारायणाचा श्रोता नाथांच्या मार्गातील एक विघ्न म्हणून पाहतो. प्रेमकथेच्या अंगाने मात्र तिच्या निर्णयाचा अर्थ गंभीर आहे. आपला पती मेला आहे आणि या देहात दुसराच कोणी आहे हे समजल्यावरही ती त्या दुसऱ्याला ठेवून घेऊ इच्छिते. ती प्रेम कोणावर करते? देहावर, देहातील रहिवाशावर की सौभाग्यावर? 'द होस्ट' मध्ये हाच प्रश्न दोनदा विचारला गेला आहे. जॅरेडच्या बाबतीत त्याचे उत्तर सोपे आहे, कारण मेलनी जिवंत आहे. काईल या पात्राच्या बाबतीत ते अवघड होते. त्याची प्रेयसी जोडी हिच्या देहातून 'सनी' ही आत्मा काढली जाते, पण जोडी जागी होत नाही. सनीला पुन्हा त्याच देहात ठेवावे लागते आणि परग्रहवासीयांचा कट्टर द्वेष करणारा काईल तिची काळजी वाहू लागतो. काईलची अवस्था ही रेवतीचीच अवस्था आहे. या गौण उपकथेकडे वाचकांचे लक्ष कमी जाते. प्रेम हे देह आणि देही यांपैकी एकाशीच असते हे जॅरेडने गृहीत धरलेले उत्तर ती मोडून काढते, म्हणून तिचे मोल मोठे आहे.

६

देह कोणाचा हा प्रश्न मराठीत सर्वांत विस्ताराने आला आहे तो ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात. क्षेत्र म्हणजे देह आणि क्षेत्रज्ञ म्हणजे त्याला जाणणारा. या क्षेत्राचा मालक कोण, यावर जीव, प्रकृती, संकल्प, स्वभाव, काळ असे निरनिराळे दावे तेथे मांडले जातात. जीववादी पक्षाच्या तोंडी ज्ञानदेवांनी शेतीचे विस्तृत रूपक दिले आहे. त्यात शेत जीवाचे असून प्राण हा त्याचे 'कूळ' आहे. पालघरच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे त्या सोनोपंत दांडेकरांनी ज्ञानेश्वरीच्या संपादनात व विवरणात आपले आयुष्य वेचले. त्या महाविद्यालयाच्या परिसरात 'कूळ' हा शब्द केवळ रूपक नाही.

१९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू, उंबरगाव भागात वारल्यांचा उठाव झाला. त्याचे वृत्त गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथात आहे. बाहेरून आलेल्या जमीनदार-सावकारांनी पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांना आपल्याच भूमीवर वेठबिगार केले होते. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व कायद्यात आले. याच पट्ट्यात १९६९ मध्ये तारापूर अणुवीज केंद्र सुरू झाले. बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवून त्यांचे पुनर्वसन करण्यात आले. हे संच २००५ आणि २००६ मध्ये उत्पादन करू लागले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. एकीकडे अणुभट्टी, दुसरीकडे भगताचे वारे आणि दोहोंच्या मध्ये जमिनीच्या हक्काचा प्रदीर्घ इतिहास, असा हा परिसर आहे.

या इतिहासाचा संस्कार घेऊन वाचणारा वाचक 'द होस्ट' मधील वादाला वेगळे परिमाण देऊ शकतो. वांडाच्या बाजूने बोलणाऱ्या वाचकांचा युक्तिवाद तत्त्वतः वहिवाटीचा आहे : ती त्या देहात राहिली, तिने त्यात कष्ट उपसले, प्रेम केले, म्हणून तिचाही हक्क. वरवर पाहता हा 'कसेल त्याची जमीन' याचाच पुनरुच्चार वाटतो, पण हे साम्य फसवे आहे. कूळकायद्याने हक्क दिला तो आधीपासून कसणाऱ्याला, नंतर आलेल्याला नव्हे. मेलनी ही गैरहजर जमीनमालकीण नाही. तीच त्या देहाची मूळ कसणारी आहे. आत्म्यांची सत्ता सावकाराच्या बाजूला पडते. तिने आणलेली शांतता, शिस्त आणि आरोग्य खरे असले, तरी त्यासाठी धन्याला विचारलेले नाही. हित सांगत येणारा आणि विचारून येणारा यांतील फरक हा या परिसराच्या अनुभवाचा भाग आहे. चौथ्या गटातील वाचकांचा आक्षेप येथे अधिक काटेकोर शब्दांत मांडता येतो.

याच निकषावर वांडाचे मोठेपणही सिद्ध होते. तिच्या जातीतील इतरांप्रमाणे ती वहिवाटीचा दावा चालवीत नाही. देह मोकळा करण्याची युक्ती ती माणसांना स्वतः शिकविते आणि मेलनीचा देह मेलनीला परत करते. स्त्रीवादी वाचक ज्याला सोशिकपणा म्हणतात त्याचा हा भाग वस्तुतः ताबा सोडण्याचा आहे. सोशिकपणा आणि ताबा सोडणे यांत गल्लत करणे न्याय्य नव्हे. मार खाऊन क्षमा करणे हा पहिला प्रकार, परक्याचे परत करणे हा दुसरा. पहिल्यावर आक्षेप घेत असतानाच दुसऱ्याचा आदर करता येतो.

कादंबरीचा शेवट मात्र या कसोटीवर उतरत नाही. वांडाला ज्या मुलीच्या देहात बसविले जाते ती आत्मा काढून घेतल्यावरही जागी झालेली नाही. तिचे मौन हीच संमती मानली जाते. वांडाने स्वतः नको म्हटलेले असतानाही हे घडते. म्हणजे देह बळकावण्याविरुद्ध लढणारी माणसेच, प्रेमापोटी का होईना, देहाच्या धनिणीला आणि देहात जाणारीला न विचारता देहाची वाटणी करतात. लेखिकेने हा सुखान्त म्हणून रंगविला आहे आणि प्रेमकथेच्या वाचकाला तो हवाही असतो. सुखान्त ही या वाचकाची मूलभूत अपेक्षा असल्याचे रॅडवे यांनी दाखविलेच आहे. परंतु विज्ञानकथेने उभा केलेला प्रश्न प्रेमकथेच्या गरजेसाठी मिटविला गेला आहे, हे नमूद करणे आवश्यक ठरते. या कादंबरीतील दोन रूपबंधांचा सांधा निखळतो तो येथे.

७

वरील विवेचनातून अध्यापनाच्या दृष्टीने काही गोष्टी निष्पन्न होतात. लोकप्रिय कादंबरीविषयीची वाचकमते 'आवडली' वा 'आवडली नाही' एवढ्यावर सोडून न देता, त्या मतांनी कोणते गृहीत स्वीकारले आहे हे विद्यार्थ्यांना शोधावयास लावावे. 'द होस्ट' संबंधीच्या प्रत्येक मताला 'हा वाचक देह कोणाचा मानतो?' एवढा एकच प्रश्न विचारला, तरी मतांची मांडणी बदलते. तसेच पाश्चात्त्य समीक्षेतील संज्ञांबरोबर अंगात येणे, बाधा, परकायाप्रवेश, क्षेत्र, कूळ, वहिवाट या शब्दांनाही समीक्षेची परिभाषा म्हणून वापरून पाहावे. हे शब्द विद्यार्थ्याच्या घरी, पोथीत आणि सातबाराच्या उताऱ्यात आधीपासून आहेत. त्यांना वर्गात प्रवेश मिळाला तर परभाषेतील कादंबरीचे आकलन अधिक नेमके होईल.

मराठी विज्ञानकथेसाठीही यात एक सूचन आहे. अंधश्रद्धेच्या धाकाने तिने सोडून दिलेला देहाच्या मालकीचा प्रश्न अंधश्रद्धेचा नाही. तो संमतीचा आणि सत्तेचा आहे. अणुवीज केंद्राच्या कुंपणापासून वारल्यांच्या पाड्यांपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात तो प्रश्न उभा करायला परग्रहाची गरजही भासू नये.